दुसरी पिन

सोमवार, ३

नवी नोकरी लागली म्हणून नवी वही काढली. कानाच्या मशीनचं दुकान बंद पडल्यापासून तीन महिने मी घरात बसून भांडी घासत होते. भाचीच्या मते आणखी आठ दिवस गेले असते तर पातेल्यांच्या चाळण्या झाल्या असत्या. शेवटी तिनंच शब्द टाकला. ती ज्या नाटक कंपनीत गाते तिथे सोल्डरिंग जाणणारं माणूस हवं होतं. माझी बहीण गेली तेव्हा ही पोरगी सहा वर्षांची होती. मीच तिला वाढवली, आणि आता बाविसाव्या वर्षी तिनं मला कामाला लावलं. एकूण बरं चाललंय आमचं.

माझी खोली रंगमंचाच्या मागच्या बाजूला आहे. मोठी खिडकी, लांब टेबल, भिंतीवर आवाज तपासायचा एक स्पीकर. उजेड पाहून खूश झाले आणि टेबल पाहून पदर खोचला. त्यावर चहाच्या कपांची वर्तुळं एकावर एक अशी बसली होती की खालचं लाकूड कुठल्या रंगाचं ते कळेना. पहिला दीड तास ते खरवडण्यातच गेला. मॅनेजर डोकावून म्हणाला की बाई, तुम्हाला माईक जोडायला बोलावलंय, बाळंतपण करायला नाही. मी म्हटलं, आधी हात ठेवायला जागा तर होऊ द्या.

काम सोपं आहे. कंपनीकडे तांदळाच्या दाण्याएवढे अठरा माईक आहेत. नट ते कानामागे टेपनं चिकटवतात, तार पाठीवरून खाली कमरेच्या डबीत जाते, आणि डबीतून आवाज बिनतारी पुढे जातो. या डबीला बॉडीपॅक म्हणतात. जुने बॉडीपॅक मोडीत निघाले, नवे आले, आणि नव्यांचं तोंड वेगळं, चार पिनांचं. म्हणून अठराही तारांचे जुने कनेक्टर काढून नवे लावायचे. आधी हे सगळं एक म्हातारा साऊंडवाला बघायचा, त्याला सगळे दादा म्हणतात. नवे पॅक आले त्याच आठवड्यात त्यानं काम सोडलं म्हणे.

एकवीस तारखेला दुपारी नव्या नाटकाचा पहिला प्रयोग आहे. भाची पहिल्यांदाच मुख्य भूमिकेत. दिग्दर्शकानं भूमिका दिली खरी, पण तुझा आवाज बारीक आहे, शेवटच्या रांगेपर्यंत पोचला नाही तर दुसरी मुलगी तयार आहे, असंही सुनावून ठेवलंय. पोरीला रात्रीची झोप नाही. तेव्हा माझ्या जोडणीवर बरंच काही आहे.

मंगळवार, ४

वीस वर्षं मी लोकांच्या कानांतला मळ सुईनं काढलाय, घाण मला नवी नाही. पण मळ वाळका असतो, निदान आपली जागा सोडून जात नाही. आज पहिला कनेक्टर उघडला आणि दोन पावलं मागे सरले. आत पिवळट, ओलसर लगदा. घाम, चेहऱ्याचा रंग, पावडर, टेपचा गोंद, चार-दोन केस, आणि त्या सगळ्याला धरून हिरवा गंज. वास आठवडाभर पिशवीत राहिलेल्या मोज्यांचा. दोन हातमोजे एकावर एक चढवले, तोंडाला फडकं बांधलं आणि मगच पुढे गेले. भाची जेवायला बोलवायला आली होती. ती म्हणाली की मावशी, देवानं दोन माणसांचं नाक तुला एकटीला दिलंय. जेवण मी डब्यात तसंच परत नेलं.

घाणीपेक्षा जास्त चीड आली ती दादाच्या कामाची. नव्या पॅकचा हिशेब सरळ आहे. पहिल्या पिनेला तारेची जाळी, दुसरीवर पॅकमधून येणारे पाच व्होल्ट, तिसरीला आवाज, आणि चौथी तिसरीलाच जोडून टाकायची. माईकच्या तारेत जाळीशिवाय दोन बारीक तारा असतात, पांढरी आवाजाची आणि लाल त्या पाच व्होल्टची. या गृहस्थानं लाल तार कापून, दुमडून, टेपखाली दडपून टाकलेली. माईक कसाबसा पांढऱ्या तारेवरच चालवलेला. आवाज क्षीण येणारच, उपाशी माणसाला गायला बसवल्यासारखं ते. अठराच्या अठरा माईक तसेच. शिवाय टेबलाच्या खणात त्याच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली: दुसरी पिन रिकामी ठेवणे. कारण काही नाही. नाचता येईना, अंगण वाकडं.

चिठ्ठी खरवडून काढली. सगळ्या लाल तारा मोकळ्या करून दुसऱ्या पिनेला जोडणार आहे. पोरीचा आवाज बारीक म्हणतात काय.

शुक्रवार, ७

अठरा पूर्ण झाले. सकाळी भाचीनं माईक लावून रिकाम्या नाट्यगृहात दोन ओळी म्हटल्या आणि शेवटच्या रांगेत बसलेला दिग्दर्शक उठून उभा राहिला. मॅनेजरनं माझं कौतुक केलं. विनोदी कामं करणारा एक जाडा नट आहे, सगळे त्याला गोलगप्पू म्हणतात. तो म्हणाला की बाई, आजवर माझे विनोद पहिल्या तीन रांगांनाच कळायचे, आता बाकीचे लोकही कंटाळतील. भाचीनं मला सगळ्यांसमोर मिठी मारली. हातमोजे काढायच्या आधी मारली म्हणून मी तिच्यावर ओरडले, पण मनातून इतकी सुखावले की घरी जाताना वाट चुकले.

एक बारीक गोष्ट लिहून ठेवते. दुपारी माईक खणात ठेवून एकेक पॅक चालू करून हेडफोनवर ऐकत होते. खणात शांतता हवी. पण तिथे काहीतरी गिळल्याचा आवाज येत होता. हळू, ओला, थांबून थांबून. अठराही माईकांवर तोच. लाइनीतला दोष म्हणावा तर दोष असा तोंडानं केल्यासारखा येत नाही. हेडफोन काढून कान साबणानं धुतले.

सोमवार, १०

तालमी जोरात आहेत. गोलगप्पूला कानामागे खाज सुटली. टेपची असेल म्हणून टेप बदलायला मीच गेले. टेप निघाली, माईक निघेना. दाणा कातडीला चिकटलेला, भोवती चिकट, दुधाळ पाणी. ओढल्यावर पुस्तकाची ओली पानं सुटताना होतो तसा आवाज झाला आणि तो सुटला. त्याच्या टोकाला चार-पाच पांढुरके धागे लोंबत होते. मी केस समजून चिमट्यानं पुसायला गेले. केस नव्हते. माईकमधूनच निघालेले होते.

गोलगप्पूला काही सांगितलं नाही. न्हाणीघरात जाऊन ओकले.

भाचीला विचारलं, तुला खाजतं का? ती म्हणाली, अजिबात नाही, उलट घसा कधी नव्हे इतका मोकळा वाटतोय.

बुधवार, १२

गोलगप्पूच्या माईकची तार टेबलावर उभी चिरली. लाल तारेच्या आवरणात तांबं असायला हवं. तांबं होतं. त्याच्याभोवती फिकट गुलाबी, ओला दोरा गुंडाळलेला होता, पार पिनेपासून दाण्यापर्यंत. पांढऱ्या तारेत काही नव्हतं. चिमट्यानं धरून ओढला तर तो आखडला. पॅक बंद केला तेव्हा सैल पडला, चालू केला तेव्हा पुन्हा ताठ झाला.

चिरेतून एक थेंब टेबलावर पडला. पुसताना तो हातमोज्यातूनही कोमट लागला. माझं धुतलेलं, खरवडलेलं टेबल. त्यावर आता मी वहीसुद्धा ठेवत नाही, मांडीवर धरून लिहिते आहे.

मॅनेजरकडे गेले. सगळे माईक बंद ठेवा म्हटलं, चिरलेली तार त्याच्या पुढ्यात धरली. त्यानं नाक मुरडलं, बुरशी आहे म्हणाला, स्पिरिटनं पुसून घ्या. प्रयोगाला नऊ दिवस उरलेत आणि आत्ता कुठे आवाज नीट लागलाय, तो तुम्हीच लावलाय, हेही ऐकवलं.

गुरुवार, १३

दुसरा माईक लावून तालमीला उभ्या राहिलेल्या गोलगप्पूला आज कानामागे इतकं झोंबलं की त्यानं स्वतःच हिसका मारून माईक उपटला. धागे हातभर लांब निघाले आणि मध्येच तुटले. रक्त थोडंच आलं, पू मात्र बराच आला. तो ओरडला असणार, तोंड तसंच उघडलं होतं, पण आवाज आला नाही. अजून आलेला नाही. डॉक्टर म्हणाले गोंदाची ॲलर्जी, त्यात धक्का बसला, आवाज येईल परत. इतका बडबड्या माणूस कागदावर लिहून पाणी मागतोय.

धावत भाचीच्या खोलीत गेले. तिनं मान वळवून दाखवली. कानामागे दाणा दिसलाच नाही, कातडी त्याच्यावरून मिटली होती. तार थेट मांसातून बाहेर येत होती. ती आरशात बघून हसत म्हणाली की मावशी, घरीसुद्धा काढत नाही मी, रियाज चांगला होतो. आठवडाभर ती माझ्याच घरात, माझ्यासमोर केस मोकळे सोडून हिंडत होती आणि मी हात धूत बसले होते.

दुसऱ्या पिनेला लाल तार मी जोडली. मीच.

शनिवार, १५

दादाचा पत्ता काढून गेले. एका खोलीत एकटा राहतो. दार उघडल्यावर माझ्या हातांकडे बघून त्यानं विचारलं, जोडली का? मी हो म्हटलं. तो खाली बसला.

हे काय आहे ते त्यालाही ठाऊक नाही. एका बंद पडलेल्या थिएटरातून तो हे माईक घेऊन आला होता. इतकी वर्षं अंगांना चिकटून, घाम पिऊन तारेत काहीतरी झालं असावं, इतकंच म्हणाला. पाच व्होल्ट मिळाले की ते वाढतं. कातडीतून गळ्यात उतरतं, मग आवाज धरतं, मग श्वास. ओढलं तर तुटतं आणि धरलेलं घेऊन जातं. मी विचारलं की मग फेकून का नाही दिले, चिठ्ठीवर नीट का नाही लिहिलं. तो म्हणाला, फेकले तर दुसरा कुणी उचलेल आणि तुमच्यासारखं नीट जोडेल. आणि लिहिलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असता? नसता ठेवला.

उपाय एकच आहे. ज्याच्या अंगात शिरलं त्याच्या पॅकची बॅटरी एकदम न काढता हळूहळू संपू द्यायची. शेजारी दुसरं माणूस भरलेल्या बॅटरीचा पॅक लावून, कानाला कान लावून बसवायचं. उपाशी पडलं की ते पहिल्यातून निघून दुसऱ्याकडे जातं. पहिल्यातून पूर्ण बाहेर आलं आणि दुसऱ्यात जेमतेम टोक गेलं, की त्याच क्षणी पहिल्यानं ते मधून कात्रीनं कापायचं, म्हणजे ते मरतं. तोवर कुणी बोलायचं नाही, आवाजानं ते आत पळतं.

दादासाठी त्याची बायको बसली होती. मला उशीर झाला, इतकंच तो म्हणाला. कापायला का उशीर झाला ते मी दोनदा विचारलं. त्यानं चहा पुढे केला. कप कळकट होता. मी तो प्यायले.

रविवार, १६

सतरा माईकांच्या लाल तारा तोडल्या. दुसरी पिन रिकामी. खणातलं गिळणं थांबलं. बाकीच्या नटांच्या कानांमागे बघून आले, कुणाच्या आत काही शिरलेलं नाही.

अठरावा भाचीच्या कानामागे, कातडीच्या आत आहे. तिला सगळं सांगितलं. ती ऐकेना. एवढी मोठी भूमिका, शेवटची रांग, आणि आता तू म्हणतेस काढ? दार आतून लावून गात बसली. गाणं सुंदर होतं. दाराला कान लावला तर तिच्या गाण्याखाली ते गिळणं ऐकू येत होतं.

सोमवार, १७

सकाळी ती चहा घेत होती. तोंडात घोट होता. आणि नाट्यगृहातून मॅनेजरचा फोन आला की तुमची भाची आहे कुठे, तुमच्या खोलीतल्या भिंतीवरच्या स्पीकरमधून तिचा आवाज येतोय, चहात साखर कमी आहे म्हणतेय. पॅक घरी, स्पीकर दोन रस्ते पलीकडे.

तिनं घोट गिळला आणि माझ्याकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं. काही नाही. हात गळ्याशी नेला —

तिच्या जिभेच्या मुळाशी मी टॉर्चच्या उजेडात पाहिलं. गुलाबी दोरे. गळ्यात जाळी विणल्यासारखे. त्यांवरून लाळ ओघळत होती आणि ते ती पीत होते.

पॅकचा दिवा लाल झाला म्हणून मी घाईत बॅटरी बदलली. दादानं सांगितलेलं असूनही बदलली. तेवढ्या चार सेकंदांत तिचा श्वास थांबला. ओठ निळे. नवी बॅटरी बसली तेव्हा छाती हलली.

तिनं कागदावर लिहिलं, मावशी मला भीती वाटतेय. सहा वर्षांची असताना लिहायची तसं, मोठ्या अक्षरात.

मंगळवार, १८

सकाळी दहा. माझ्या खोलीत, खिडकीशी. इथे उजेड चांगला आहे. दार लावलंय. गिळणं ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू ठेवलाय.

तिच्या पॅकची बॅटरी संपत आलेली आहे, ती तशीच संपू द्यायची. एक माईक मी रात्रीच पुन्हा जोडला, लाल तार दुसऱ्या पिनेला. सोल्डर नीट बसला. तो माझ्या कानामागे लावलाय, कमरेला भरलेला पॅक. बोलायचं नाही म्हणून वहीत लिहिते आहे, ती शेजारून वाचते आहे.

बाळा, हे वाच. कात्री तुझ्या उजव्या हातात. ते तुझ्यातून सुटलं की तुला स्वतःचा श्वास लागेल. लागला की लगेच मधून काप. माझ्याकडे बघायचं नाही, फक्त काप.

तिनं मान हलवली.

अकरा वाजून दहा

कानाला कान. तिचा कान चिकट आहे, गार. आंबलेला वास, त्या पहिल्या कनेक्टरचा. ओकायचं नाही. हलायचं नाही.

तिचा दिवा लाल.

अकरा चाळीस

निघतंय. तिच्या कानाच्या भोकातून, गांडूळ ओल्या मातीतून निघतं तसं. मला दिसतंय, खिडकीच्या काचेत. माझ्या गालावर आलं. ओलं. केसाळ. शी. शी. पाचावर धारण बसली आहे पण —

पोरगी रडते आहे. रड, पण आवाज नको.

अकरा पंचावन्न

माझ्या कानात टोक. आत काहीतरी मऊ सरकतंय, वाट काढत. माझ्या स्वच्छ कानात. दात आवळून धरलेत. तिच्याकडून अजून येतंय, किती आहे हे, किती —

बारा

तिचा दिवा गेला. तिची छाती —

थांबली

थांबली

आता हलली. स्वतःहून. पोरीनं स्वतःचा श्वास घेतला, तोंडानं, मोठा. जीव भांड्यात पडला माझा. सगळं बाहेर आहे, तिच्या कानाशी काही नाही, नुसतं मध्ये लोंबतंय —

काप बाळा

बारा दोन

ती कात्री उघडते आहे.

वास येत नाही. आत्ता आत्तापर्यंत येत होता. गालावरचं ओलं आहे ते ओलं वाटत नाही, उबदार आहे. आयुष्यभर मी हात धूत राहिले, कशाला ते आठवत नाही. इतकं स्वच्छ कधीच काही नव्हतं.

दादाच्या बायकोनं त्याचा हात धरला असणार. आता कळलं.

मी तुझा हात धरलाय बाळा. दुखतंय का? रडू नकोस. वाच, मी लिहिते ते वाच, कात्री खाली ठेव, घाण नाही गं ही, अजिबात घाण नाही, जरा इकडे सरक, तुझा कान पुन्हा इथे —